बाकावरच्या काकांना, सतराव्या मिनिटाबद्दल

तीर्थस्वरूप बाकावरचे काका यांना,
सा. न. वि. वि.

आपलं नाव मला ठाऊक नाही आणि माझं आपल्याला ठाऊक असण्याचं कारण नाही. तरी आपला परिचय जुना आहे. गेले अकरा महिने, आठवड्यातले तीन दिवस, सकाळी सव्वासहाला मी बागेतल्या ट्रॅकवर येते. ट्रॅक ४१५ मीटरचा. मला एका फेरीला चार मिनिटं लागतात. म्हणजे दर चार मिनिटांनी मी आपल्यासमोरून जाते आणि दर चार मिनिटांनी आपण काहीतरी बोलता. आमच्या भागात नळाला पाणीसुद्धा इतक्या नेमाने येत नाही.

दुसऱ्याच कुणाला वाटायला नको, म्हणून ओळख पटवून देते. फाटकातून आत आल्यावर दुसरा बाक, बुचाच्या झाडाखालचा. दवाने ओला असतो म्हणून वर्तमानपत्राची पुरवणी बुडाखाली आणि मुख्य अंक हातात. डाव्या गुडघ्याला पांढरा नी-कॅप, तोही पँटच्या वरून. शेजारी कापडी पिशवी, तिच्यात दुधाच्या दोन पिशव्या. या अकरा महिन्यांत आपण उठून एक फेरी मारल्याचं माझ्या पाहण्यात नाही. चू. भू. द्या. घ्या. मी एका पतपेढीत हिशेब लिहिते, त्यामुळे खात्री असल्याशिवाय आकडा टाकत नाही.

आपला पहिला शेरा मला तारीखवार आठवतो. मार्चचा दुसरा सोमवार, माझी पहिली सकाळ. वय ४६. पायात लेकीचे जुने बूट, एक नंबर मोठे, म्हणून पुढे कापूस कोंबलेला. ओढणी घरी ठेवून बागेत यायचं धाडस गोळा करण्यात दोन आठवडे गेले होते, ते असो. धापा टाकत आपल्या बाकापाशी आले, तर आपण पेपर खाली केलात आणि अतिशय मायेने म्हणालात, ‘‘ताई, यापेक्षा चाललात तर लवकर पोचाल.’’

काका, ट्रॅक गोल आहे. पोचायचं कुठे होतं?

हे उत्तर मला त्याच संध्याकाळी भाकऱ्या थापताना सुचलं. त्या क्षणी सुचलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण बोलायला जो श्वास लागतो तो माझ्यापाशी शिल्लकच नव्हता. आपली हुशारी मला फार उशिरा कळली. आपण फक्त धाप लागलेल्या माणसाशी बोलता. उलट उत्तर यायची धास्तीच नाही.

आता आपल्या विधानात तथ्य होतं, हेही लिहिते. तेव्हा मी किलोमीटरला दहा मिनिटं घेत होते, म्हणजे ताशी सहा किलोमीटर. इतक्या वेगाने बायका हातात भाजीची पिशवी घेऊन घरी जातात. त्याच सकाळी दोन आजी, एकीच्या हातात फुलांची परडी, सुनांबद्दल बोलत मला डावीकडून ओलांडून गेल्या. पुढच्या फेरीत पुन्हा गेल्या. विषय तोच होता.

पण चालणं आणि धावणं यांतला फरक वेगाचा नाहीच मुळी. चालण्याच्या शर्यती असतात, त्यातले पट्टीचे खेळाडू २० किलोमीटर एक तास वीस मिनिटांच्या आत चालतात. संध्याकाळच्या वेळी रिक्षाने तेवढं जमेल याची मी हमी देणार नाही. त्यांना नियम असा की, नुसत्या डोळ्यांना दिसेल असे दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटता कामा नयेत. सुटले की चालणं संपलं, पंच फलक दाखवतात. हे वाचलं आणि एका रविवारी लेकीला बागेत आणलं. ती ट्रॅकच्या कडेला पालथी झोपली, फोन जमिनीला टेकवून धरला आणि मला स्लो मोशनमध्ये टिपलं. घरी येऊन आम्ही दोघी कॉटवर बसलो आणि एकेक चित्र पुढे सरकवत पाहिलं. उजवा पाय वर. डाव्याची टाच सुटली. चवडा टेकलेला. अजून टेकलेला. मी आशा सोडत आले होते. मग एका चित्रात डाव्या बुटाच्या तळव्याखालून पलीकडचं गवत दिसलं. बोटभर. फार तर दीड बोट. ‘‘आई, तू हवेत आहेस,’’ लेक म्हणाली. ते चित्र मी फोनमध्ये जपून ठेवलं आहे. जवळचा चष्मा घेऊन आलात तर दाखवीन.

आपल्या शेऱ्यामुळे मी पळणं सोडलं असतं तर एक वेळ बरं झालं असतं. मी त्याहून मोठा गाढवपणा केला. आपला बाक आला की जोरात पळू लागले. कचरापेटीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत, साधारण साठ पावलं. पोट आत, मान ताठ, चेहऱ्यावर ‘हे तर रोजचंच’. टाकीआड गेलं की गुडघ्यांवर हात टेकून लोहाराचा भाता. नवी पळणारी पुष्कळ माणसं हेच करतात, आता मला ती लांबून ओळखू येतात. माणसं दिसली की वेग चढतो, झाडं लागली की उतरतो. सहा आठवड्यांत माझ्या डाव्या नडगीच्या आतल्या बाजूने कळ यायला लागली. जिना उतरताना डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांनी अंगठ्याने दाबून पाहिलं, शिन स्प्लिंट्स म्हणाले, तीन आठवड्यांची सुट्टी दिली आणि विचारलं, ‘‘एवढी स्पर्धा कुणाशी लावलीत?’’

एका बाकाशी, असं कसं सांगणार?

त्या तीन आठवड्यांत मी वाचत बसले. नव्याने धावू लागलं की हृदय आणि श्वास लवकर रुळतात, काही आठवड्यांत दम टिकू लागतो. हाडं आणि कंडरा मात्र सरकारी फायलीसारख्या, महिनोन्‌महिने हलत नाहीत. प्रत्येक पावलाला पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. माझं वजन ७१ किलो, गुणाकार आपण करा. म्हणजे छाती ‘पळ’ म्हणत असते तेव्हा नडगी अजून तयार झालेली नसते, आणि तेवढ्यात समोर एखादा बाक आला की संपलंच. यावर उपाय एकच, हळू पळायचं. किती हळू, तर पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. याला टॉक टेस्ट म्हणतात आणि तिला यंत्र लागत नाही. मी एकटी पळते, बोलणार कुणाशी? म्हणून सतराचा पाढा म्हणू लागले. सतरा चोक अडुसष्टला दम तुटला की समजायचं, बाई, वेग जास्त झाला. सुरुवातीला सतरा दुणे चौतीसच्या पुढे माझी मजल गेली नव्हती. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं दोन-दोनच्या जोडीने बाजूने सुसाट जायची, त्यांना ऐकू जाईल म्हणून मी पुटपुटायचे. एकाने ऐकलंच. तो मागे न बघता म्हणाला, ‘‘मावशी, खांदे ढिले सोडा, पाढा आपोआप पुढे जाईल.’’ आणि गेला की हो पुढे! त्या पोराला आपण रोज ‘शाब्बास’ म्हणता, तेवढा आपला एक शेरा मला मंजूर आहे.

एलियुड किपचोगेचं नाव आपण पेपरात वाचलं असेल. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नात तो ४२.१९५ किलोमीटर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत धावला, किलोमीटरला २ मिनिटं ५० सेकंद. तोसुद्धा सरावातले बरेचसे किलोमीटर त्या मानाने रमतगमत धावतो. त्याच्या सरावाच्या रस्त्यावर बाक नसावेत.

आता मुख्य गुन्ह्याकडे येते.

मी जो कार्यक्रम पाळते तो जोश क्लार्क नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने १९९६ साली आखला. ‘काउच टू फाइव्ह के’, म्हणजे सोफ्यावरून उठून थेट पाच किलोमीटर. नऊ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालायचं, मग ६० सेकंद पळायचं आणि ९० सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. साठ सेकंद किती लांब असतात हे मला दोन बाळंतपणांत कळलं नव्हतं ते तेव्हा कळलं. पुढे तुकडे मोठे होत जातात आणि पाचव्या आठवड्याचा तिसरा दिवस उजाडतो. आदल्या वेळी आठ-आठ मिनिटांचे दोन तुकडे, मध्ये पाच मिनिटं चालणं. आणि त्या दिवशी एकदम वीस मिनिटं, सलग, मध्ये चालणं नाही. मी त्या दिवसाच्या आदल्या रात्री लेकीच्या बारावीच्या निकालाला झोपले नव्हते तशी झोपले नाही.

ऑगस्टमधला मंगळवार. रात्रभर पडून पाऊस थांबलेला, ट्रॅकवर बुचाच्या पानांचा चिखल. मी अगदी हळू निघाले. दहा मिनिटं झाली, बारा झाली. दोन आजी पुढे गेल्या, जाऊ दिल्या. सोळा झाली आणि पाढा शाबूत होता. सतरावं मिनिट लागलं आणि आपला बाक आला. आपण पुरवणीची घडी मोडून अर्धी बाजूला पसरलीत, तिच्यावर हात थापटलात आणि म्हणालात, ‘‘दमलात हो! बसा जरा. कोरडं केलंय.’’

आणि काका, मी बसले.

मी दमले नव्हते. खात्रीने सांगते, सतरा पंचे पंच्याऐंशी म्हणून झालं होतं. पण कुणी इतक्या आपुलकीने ‘दमलात’ म्हटलं की पायांना ते आधी ऐकू येतं. तीन मिनिटं उरली होती. मग आपण मला आपल्या मूतखड्याची हकीकत सांगितलीत. ती एकवीस मिनिटं चालली. घड्याळ मी लावलेलंच होतं, बंद करायचं राहिलं होतं.

तो दिवस पुन्हा गाठायला मला पाच आठवडे लागले. पहिल्या दोन प्रयत्नांत सतरावं मिनिट आलं की आपोआप पाय जड व्हायचे, बाक समोर नसला तरी. एकदा तर मी ट्रॅक सोडून मागच्या गल्लीत पळाले, तिथे कुत्र्यांनी वीस मिनिटं पुरी करून घेतली, पण ती मी वहीत मांडली नाही. नऊ आठवड्यांचा कार्यक्रम माझा एकतीस आठवड्यांत संपला. त्यातले पाच मी आपल्या खात्यावर नावे टाकले आहेत.

गुडघ्यांचं एक राहिलं. ‘पळून पळून गुडघे जातात’ हे आपलं लाडकं वाक्य, आणि ते म्हणताना आपण नी-कॅपवर हात ठेवता. आपले गुडघे कुठे पळून गेले हे मी कधी विचारलं नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र मांडले होते : हौसेने धावणाऱ्यांत गुडघ्याची किंवा खुब्याची झीज सुमारे ३.५ टक्के लोकांत, आणि बैठं आयुष्य काढणाऱ्यांत १०.२ टक्के. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, हे हिशेबनिसाला कळतं. आणि जिंकण्यासाठी स्पर्धेत धावणाऱ्यांत आकडा १३.३ टक्के आहे. तेव्हा मी देशाच्या चमूत निवडली गेले की जरूर सावध करा.

दिवाळीच्या सुमाराला आपण आणखी एक सिद्धान्त मांडलात : ‘‘हे आपल्या लोकांचं काम नाही हो, आपल्या रक्तातच नाही.’’ काका, आपण पुण्यात बसून हे बोललात! याच गावात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं पाहून दोराबजी टाटांच्या डोक्यात ऑलिंपिकला चमू पाठवायचं आलं. १९२० साली अँटवर्पला बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले, २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद, एकोणिसावे आले. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्यपदक घेतलं. माणच्या ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. या यादीत माझं नाव बसत नाही, मला कळतं. पण ‘आपले लोक’ म्हणताना आपण फक्त स्वतःला आणि मला मोजत होतात, एवढं लक्षात आणून द्यायचं होतं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी जे घडलं ते आपण विसरला नसाल. थंडी होती, आपण कानटोपी घालून आला होतात. माझी सातवी फेरी. मी लांबूनच पाहिलं, आपलं तोंड माझ्याकडे, शेरा तयार, आणि आपल्या पाठीमागे कापडी पिशवीत एक करडं मांजर खांद्यापर्यंत शिरलेलं. आपण म्हणालात, ‘‘काय ताई, आज तरी वेग...’’ आणि मी पळता पळता, न थांबता, एका दमात म्हणाले, ‘‘काका, तुमची दुधाची पिशवी मांजरानं फोडलीय आणि आता ते दुसरी ओढतंय.’’

अकरा शब्द. मी पुढे जाऊन बोटांवर मोजले. कुठेही धाप नाही, स्वल्पविराम सोडला तर मध्ये थांबणं नाही. आपण मांजरामागे उठलात, पाच-सहा पावलं चक्क पळालात (दोन्ही पाय सुटले होते का, हे मला मागे वळून पाहता आलं नाही), आणि मी टाकीपर्यंत तशीच गेले. टाकीआड थांबायचं असतं हे त्या दिवशी मी विसरले. सहा महिने ज्या वाक्यासाठी सतराचा पाढा घोकला, ते शेवटी मांजरावर खर्च झालं. भाकऱ्या थापताना सुचलेली कितीतरी चांगली उत्तरं शिल्लक होती. पण पाढ्यापेक्षा हे वाक्य लांब होतं, आणि ते तुमच्याच बाकासमोर निघालं. त्या दिवसापासून बाक आला म्हणून मी वेग वाढवलेला नाही.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मी पाच किलोमीटरच्या एका शर्यतीत उतरले. छातीवर नंबर, बुटाला टायमिंग चिप, आजूबाजूला सगळी घोरपडीसारखी चिवट माणसं. तिसऱ्या किलोमीटरनंतर माझ्यामागे फक्त रुग्णवाहिका राहिली. पहिल्या गिअरमध्ये, घरघरत. लाज वाटून मी वेग वाढवणार, तेवढ्यात ड्रायव्हरने खिडकीतून मान काढली. ‘‘मावशी, निवांत. मला दहापर्यंत ड्युटी आहे.’’ सबंध अकरा महिन्यांत मला कुणी दिलेला हा सर्वांत शहाणा सल्ला, आणि तो देणारा माणूसही बसूनच होता, तेव्हा बसण्याला माझा विरोध आहे असा गैरसमज नको. ब्रिटनमध्ये दर शनिवारी पार्करन नावाची पाच किलोमीटरची फुकट धाव असते, तिथे सर्वांत मागून चालायला एक स्वयंसेवक मुद्दाम नेमतात, म्हणजे धावायला आलेलं कुणी शेवटचं येत नाही. आमच्याकडे ते काम रुग्णवाहिकेने केलं.

वेळ : ४७ मिनिटं १२ सेकंद. क्रमांक : शेवटचा. केळी संपली होती, पोह्यांच्या पातेल्यात कडेला चिकटलेले होते ते खरवडून दिले. पदक मात्र अख्खं मिळालं. सावकाशीचा विक्रम वगैरे काही झाला नाही. तो जपानच्या शिझो कानाकुरींच्या नावावर आहे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावताना उन्हाने बेजार होऊन ते वाटेत थांबले आणि कुणाला न सांगता परत गेले. १९६७ साली त्यांना बोलावून उरलेली शर्यत पुरी करायला लावली. वेळ नोंदली ती ५४ वर्षं ८ महिने ६ दिवस ५ तास ३२ मिनिटं २०.३ सेकंद. त्यांना वाटेत ‘दमलात हो, बसा जरा’ कोण म्हणालं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

पतपेढीत आम्ही मार्चअखेर खाती बंद करतो. आपलं खातं मी त्याच्या आतच बंद करते आहे. नडगीचे तीन आठवडे आणि सतराव्या मिनिटाचे पाच येणे होते, ते मांजराच्या दुधात वळते केले.

एक माहिती द्यायची राहिली. येत्या सोमवारपासून मी दहा किलोमीटरची तयारी सुरू करते आहे. वेग तोच, किंबहुना सुरुवातीला थोडा कमीच. पुढेमागे ४१५ मीटरच्या चोवीस फेऱ्या होतील, म्हणजे आपल्यासमोरून चोवीस वेळा. शेरे पुरवून वापरा.

कळावे, लोभ आहेच, तो थोडा आवरता घ्यावा ही विनंती.

आपली,
आतल्या लेनमधली ताई

ता. क. : दुधाची पिशवी बाकाच्या डाव्या बाजूला ठेवत जा. जाताना-येताना मला दिसेल.